वही धरणारा

बाबा, तुमचा पणतू पंधरा दिवसांनी पुसदला येतोय. तिकिटं निघाली, असं काल लेकीनेच स्पेनहून फोन करून सांगितलं. पोरगा पाच वर्षांचा आहे. फोनवर मी मराठीत काही विचारलं की तो माझ्याकडे नुसता पाहतो, आईशी स्पॅनिशमध्ये बोलतो आणि निघून जातो. म्हणून वर्तमानपत्रातून निवृत्त झालेला तुमचा मुलगा बासष्टाव्या वर्षी मोबाइलवर स्पॅनिश शिकतोय.

सध्या एका क्रियापदाशी झटतोय. 'आब्लार' म्हणजे बोलणं. 'ते बोलले' याला 'आब्लारोन'. त्यातलं शेवटचं 'रोन' काढायचं आणि पुढे 'रा', 'रास' असं लावत जायचं: आब्लारा, आब्लारास, आब्लारा, आब्लारामोस, आब्लाराइस, आब्लारान. हे रूप सहसा एकटं येत नाही. त्याच्या आधी कुणाची तरी मागे राहिलेली इच्छा किंवा विनंती लागते. 'केरिया के आब्लारास कोन्मीगो.' तू माझ्याशी बोलावंस असं मला वाटत होतं. हे एक वाक्य मला त्याच्यापुढे न अडखळता म्हणायचं आहे. पण तुमची सून गेल्याला तीन वर्षं झाली, घरात ऐकणारं कुणी नाही. भिंतीला म्हणून दाखवलं की सगळं बरोबरच येतं.

पोस्टातून निवृत्त झाल्यावर तुम्ही विहारातल्या पाली वर्गाला जायला लागलात. शनिवारी संध्याकाळी वही माझ्या हातात द्यायचात आणि डोळे मिटून रूपं म्हणायचात. गच्छामि, गच्छाम, गच्छसि, गच्छथ. चुकलात तर मी पानावर बोटाने टकटक करायची, असा तुमचा नियम. एका शनिवारी रूपं पुढच्या पानावर गेली होती आणि माझं लक्ष फोनवरून द्यायच्या बातमीत होतं. टकटक झालीच नाही. उलट मी, बरोबर आहे, म्हणालो. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात तसंच चुकीचं म्हटलंत आणि पोरंसोरं हसली. घरी कुणी ऐकून घेत नाही का, असं शिकवणाऱ्या गुरुजींनी विचारलं. मी तुम्हाला न्यायला दाराशी उभा होतो. तुम्ही म्हणालात, "पोरगा आयकते नं जी. थो पेपरवाला हाय, त्याची नजर पक्की हाय."

वाटेत स्कूटरवर मागून एवढंच विचारलंत, "पान पलटवलं होतं ना रे तू?" मी हो म्हणालो. त्यानंतर वही पुन्हा माझ्या हातात आली नाही. न्हाणीत पाण्याच्या आवाजात तुम्ही एकटेच म्हणत राहिलात.

काल मी शेजारच्या निवृत्त कंडक्टरांना, माझी वही धरून बसाल का, असं विचारलं. सगळी रूपं देवनागरीत लिहून दिली. ते वही न्याहाळून म्हणाले, "मले यातलं काई समजत नाही गड्या, पण बोट ठेवून बसतो. बिनातिकिटाचा एकबी जाऊ देत नाही मी."

पान मी पलटवलं नव्हतं, बाबा. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. उद्या सकाळी आठला कंडक्टर वही धरायला येणार आहेत.