सव्वा तासाची मुंबई आणि पांढरा रस्सा

शिवाजी पेठ, कोल्हापूर
जानेवारी १९८८

ती. दाजींना कृष्णातचा नमस्कार. इकडं सगळी खुशाल हायती, माझं डोस्कं तेवढं ठिकाणावर न्हाई. आक्काला डॉक्टरनं हातरुणातनं हलू नको म्हटलंय, दिवस गेल्यापास्नं तिच्या पोटात अन्नाचा कण ठरंना, आणि वासना फकस्त आईच्या हातच्या पांढऱ्या रश्श्यावर, असं तुम्ही लिवलंत. लिवायच्या आधी घटकाभर इचार करायचा हुता की! पत्र ऐकल्यापास्नं आईनं माझा जीव खाल्लाय.

एस.टी.नं न्हेला तर मुंबई येस्तवर रस्सा नासतोय. (आई सोता यायची बातच न्हाई. एस.टी.चा वास आला की तिला ढवळतंय. आक्काच्या लग्नाला तीन वर्सं झाली, पण बाई हितल्या जवळच्या हुपरीच्या फुडं गेलेली न्हाई.) तेवढ्यात शेजारच्या केरबानानानं अक्कल पाजळली, की विमान सव्वा तासात मुंबईला जातंय. झालं! आईचा कुणाच्या बोलण्यावर भरवसा न्हाई. तिनं रस्सा केला, किटलीत भरला, गोधडीत गुंडाळला आणि मला घड्याळाफुडं सव्वा तास बसवलं. मग किटलीत बोट बुडवून बघितलं. गरम! म्हणाली, काढ तिकीट.

उजळाईवाडीच्या माळावर, विमानतळावर, निम्मी गल्ली पोचवायला आलती. बनाबाई तर हार घिऊन, जसा काय मी परत येणारच न्हाई. तिथं कळलं, धुक्यापायी विमान अजून मुंबईतच हाय. मी तिथल्या विमानाच्या साहेबाला इचारलं, मग सव्वा तास कवापास्नं मोजायचा? तर म्हणतोय, उडाल्यापास्नं. आता काय बोलायचं ह्या माणसाला! मी त्याच्याशी भांडतोय तवर आईनं कुंपणाबाहेर तीन दगडं मांडून जाळ घातला आणि गार पडलेली किटली वर ठेवली. रखवालदार वरडत आला, तर त्यालाच जाळ फुकायला बसवला. शेवटी विमान आलं, सगळ्यांच्या माना वर, आणि इकडं रस्सा उकळून त्यातलं नारळाचं दूध फुटलं. विमानानं दोन घिरट्या घातल्या आणि गेलं की परत! धुकं हाय म्हणाले. (धुकं का आईचा धूर, मी इचारलं न्हाई.) त्याची मुंबई-कोल्हापूर-मुंबई झाली, आमचं कुंपणसुद्धा वलांडून झालं न्हाई.

फुटलेला रस्सा बघून आई रडाय लागली. मला बघवंना, दाजी. रस्सा रखवालदारानं आणि साहेबानं भुरकला, वर साहेब म्हणतोय, मीठ जरा कमी हाय.

तवा विमानाचं नाव काढू नका. आक्काला पाव-बिस्कुट चारा.

आपला,
कृष्णात

ता.क. पत्र आईला वाचून दावलं. म्हणाली, पाव-बिस्कुट खोड. रस्सा जात न्हाई तर मी जाती. शुक्रवारच्या एस.टी.नं आमी दोघं निगतोय. ढवळू नये म्हणून तिनं आल्याचे तुकडे आत्ताच पदराला बांधल्यात.

ता.ता.क. तुमच्याकडच्या पाट्यावर तिचा हात बसायचा न्हाई, म्हणून घरचा पाटा-वरवंटा संगं हाय, म्हंजे माझ्या डोस्क्यावर हाय. स्टँडवर हमाल घिऊन या. मटण आणून ठेवू नका, ती सोता बघून घेणार. आणि आक्काला आधी काय सांगू नका, आईचा निरोप हाय. तिला वासावरनंच कळू दे.