वाकड्या पात्याचा वस्तरा

आबा,

तुमचा वस्तरा पुन्हा चालायला लागला. कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालं होतं, म्हणून दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून लिहायला बसलेय. लग्नाचे पाहुणे आज सकाळीच गेले. पाय दुखतायत, घसा बसलाय, आणि तरी मधूनच एकटीच हसतेय. बाहेरून कुणी बघितलं तर म्हणेल, लेकीला सासरी धाडून बाईचं डोकं फिरलं.

तो दिवस तुम्ही विसरला नसाल. तुमचा हात थरथरायला लागला होता आणि दुकान मी बघत होते. ‘पोरगी दाढ्या करती’ म्हणून हसणारेच एकेक करून खुर्चीत येऊन बसायला लागले होते. कात्री, फेस, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवणं, सगळं तुम्ही शिकवलंत. फक्त धार लावायच्या दगडाला, तुमच्या त्या निसण्याला, हात लावू दिला नाहीत. तुम्ही कर्जतला गेलात तेव्हा मी हट्टानं बसले आणि तासभर वस्तरा घासला. संध्याकाळी तुम्ही आलात. दारातच उभे राहून पातं उजेडाकडे धरलंत. धारेलगत जी चकाकती पट्टी असते, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्यासारखी एकसारखी हवी. माझी मुठीकडे चांगली रुंद झाली होती आणि टोकाकडे दिसतच नव्हती.

“धार लावली का खेळ केला गं?” तुम्ही म्हणालात. “तुझं वजन पडलंय समदं. वजन वस्तऱ्याचं पडाया पायजे.”

तुम्ही वस्तरा तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात टाकलात, आणि दुसऱ्या दिवशी बदलायच्या पात्यांचं पाकीट आणून माझ्यापुढे ठेवलंत. “ह्यानं कर आता. सोपं हाय.” आबा, रागावलात त्याचं काही वाटलं नाही. ‘सोपं हाय’ हे मात्र फार लागलं. पुढं दोन वर्षांनी तुम्ही गेलात. डबा तसाच राहिला, आणि मीही इतकी वर्षं सोप्यावरच काढली.

तो उघडायला लावला तुमच्या नातजावयानं. जामखेडचा आहे, शाळेत शिकवतो, बोलायला एक नंबर. लग्न ठरलं आणि लगेच म्हणतो कसा, “मामी, आजोबांचा वस्तरा हाय म्हनं तुमच्याकडं. हळदीआधी माझी दाढी त्यानंच करायची. आन् तुमीच करायची.”

“अहो, त्याची धार बिघडल्याली हाय.”

“मग नीट करा की. पंधरा दिस हायेत अजून.”

लेक माझ्याकडे बघून हसत होती. तिनंच सांगितलं असणार सगळं. माझ्या धाकट्या बहिणीनं मात्र कपाळाला हात लावला. “अगं ताई, सासूनं भर मांडवात जावयाच्या गळ्याला वस्तरा लावायचा?”

मी हो म्हणून बसले होते. आधी निसणा बघितला, तर मधे खळगा पडलेला. शहाबादी फरशीवर ओली वाळू टाकून तो दोन दुपारी घासला, तेव्हा सपाट झाला. मग लेकीच्या काळ्या पेनानं धारेलगतची पट्टी दोन्ही बाजूंनी रंगवली. दगडावर वस्तरा एकदा हलकाच फिरवायचा आणि शाई कुठली गेली ते बघायचं. जिथली गेली तिथंच पातं टेकतंय. पहिल्यांदा मुठीकडचीच गेली. बघते तर माझा अंगठा तिथं दाबून बसलेला, तुम्ही म्हणालात तसाच! अंगठा सैल केला. तरी एका बाजूची शाई मुठीकडे जाई आणि उलटून फिरवला की टोकाकडे. चार दिवस डोकं खाजवलं. शेवटी वस्तरा आरशाच्या काचेवर आडवा ठेवला, तर तो डुगडुगला.

आबा, पातंच पिळलेलं होतं! किंचितसंच, पण पहिल्यापासून. तुम्ही जन्मभर मनगट वळवून ते सांभाळून घेतलंत, आणि तुम्हालाही त्याचा पत्ता नव्हता. मग मला काय शिकवणार होतात? मी दुकानात मोठ्यानं हसले. खुर्चीतलं गिऱ्हाईक दचकून म्हणालं, “काय झालं वो?” मी म्हटलं, “काय न्हाई, वडलांची चोरी सापडली.”

मग मीही मनगट वळवायला शिकले. पूर्ण दगडावर नाही, त्याच्या अरुंद कडेवर, मुठीपासून टोकापर्यंत जरासं वळण घेत, वजन न टाकता. तेराव्या दिवशी दोन्ही बाजूंची शाई एकदम, सारखी गेली. पट्ट्यावर फिरवून पिकल्या टोमॅटोला लावला, तर साल आपण होऊन बाजूला झाली.

हळदीच्या सकाळी मांडवात सगळे आमच्याभोवती गोळा झाले. जावयाचे मित्र मोबाईल धरून उभे. “मामी, काय चुकलं असंल तर आत्ताच माफी मागतो,” जावई म्हणाला आणि मांडव हसला. मी फेस लावला. वस्तरा गालावरून उतरला तेव्हा त्याचा तो बारीक करकर आवाज आला, तुमच्या हातातून यायचा तसाच. झाल्यावर त्यानं गालावरून हात फिरवला, “लई झ्याक!” म्हणाला, आणि सगळ्यांदेखत माझ्या पाया पडला. धाकटी तर रडायलाच लागली.

हे पत्र टपालात पडणार नाही हे ठाऊक आहे, म्हणूनच पुढचं लिहिते. उजव्या कानाखाली थोडंसं कापलं. तीळभर रक्त आलं. मी पटकन वाटीतली हळद बोटानं तिथं दाबली, आणि पहिली हळद सासूनंच लावली म्हणून बायकांनी टाळ्या वाजवल्या. अजून कुणालाही कळलेलं नाही.