शुभमंगल १.०, बग शून्य

९ फेब्रुवारी २००३
कुणालीचं लग्न ठरलं. मुलगा वाशिंदचा, नाव सुयोग, फॅक्टरीत सुपरवायझर. लग्न ११ मेला, इथे किन्हवलीत आमच्याच दारात. पत्रिकेचं काम बाबांनी माझ्याकडे दिलं. म्हणाले, सहा म्हैने शहापूरला कॉम्प्युटर शिकलास, आता नावं तरी लिव.
नावं लिहिणं हे टायपिस्टचं काम. मी प्रोग्रामर आहे. बहिणीच्या लग्नासाठी सॉफ्टवेअर बनवणार. नाव ठरलं: शुभमंगल १.०. नातेवाईक एकदाच भरायचे, मग लग्न असो, बारसं असो, घरभरणी असो, बटण दाबलं की पत्रिका बाहेर. अख्ख्या तालुक्यात असलं काही नाही. किन्हवलीत कॉम्प्युटरच दोन. एक माझा आणि दुसरा पतपेढीतला, त्याच्यावर कायम कापड असतं.

१४ फेब्रुवारी
कल्याणहून कॉम्प्युटरचं मासिक आणलं. मासिक टाकाऊ, पण सोबत सीडी. त्यात प्रोग्रामर लोकांसाठी फुकट टूल्स आणि ॲड-इन्स. ॲड-इन म्हणजे व्हीबीला, मी ज्यात प्रोग्राम लिहितो त्याला, जोडायचा जादाचा हात. आपण फक्त विचार करायचा, बाकी तो करतो.
बाबांना सीडी दाखवली. ते म्हणाले, फुकाट कोन काय देतंय रे? त्यांना जग कुठे चाललंय याची कल्पना नाही.

१५ फेब्रुवारी
दिवसभर टूल्स टाकली. कोड सरळ ओळीत लावणारं. कोडला रंग देणारं. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लेखकाचं नाव आपोआप टाकणारं (सर्वात उपयोगी). आणि आपण एकूण किती ओळी लिहिल्या ते मोजणारं. मोजून बघितलं. शून्य आलं. टूल बरोबर चालतंय.

२० फेब्रुवारी
लोडशेडिंगमुळे काम होत नाही. निश्चय: उद्यापासून पहाटे पाचला उठून कोडिंग.

२१ फेब्रुवारी
पाचला उठलो. लाइट नव्हती. झोपलो. साडेपाचला आली होती म्हणे. आईनं उठवायला हवं होतं.

२ मार्च
शहापूरला सायबर कॅफेत गेलो. धाऊच्या जीपनं. धाऊ आमच्याच आळीतला, माझ्याकडून भाडं घेत नाही. फक्त म्हणाला, पत्रिकेत आपलं बी नाव टाक, शामशेट. शब्द दिला. मोठ्या सॉफ्टवेअरमागे असे हितचिंतक असतातच.
एक जबरदस्त टूल मिळालं. आपण अर्धी ओळ लिहायची, उरलेली ते स्वतः पुरी करतं. पण फाइल फ्लॉपीत मावेना. मग फाइलचे तुकडे करणारं दुसरं टूल उतरवलं. तेही फुकट. फ्लॉप्या भरून घरी आलो. तुकडे परत जोडणारं टूल कॅफेतच राहिलं.

३ मार्च
परत शहापूर. जोडणारं टूल आणलं. आता कॉम्प्युटर एक फ्लॉपी वाचत नाही. काल धाऊनं ती जीपच्या स्पीकरवर ठेवली होती, आतल्या लोहचुंबकानं पुसली. धाऊ माझी पाठ सोडत नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे गाण्याचा आवाज कमी करत नाही.

१५ मार्च
आई विचारते पत्रिका कुठवर आली. बाबा म्हणाले, वरातीमागनं घोडं आनशील तू. त्यांना सांगितलं की पाया पक्का असेल तर इमारतीला वेळ लागत नाही. ओळी मोजायच्या टूलनुसार पाया अजून चाळीस ओळींचा आहे. त्यातल्या बऱ्याच माझ्या नावाच्या.

२८ मार्च
प्रोग्राम झाला. पण कोणतंही बटण दाबलं की एररची चौकट येते. तिसऱ्या चौकटीनंतर उठून अंगणात फिरून आलो. वाटलं, नावं हातानं टाइप करून मोकळा व्हावं. मग सीडीत हिरा सापडला. हे ॲड-इन प्रोग्रामच्या प्रत्येक भागात एक ओळ घालतं: चूक आली तर गप्प बसून पुढे चल.
घातलं. चालवून बघितलं. एकही चौकट नाही. आता सरकन जातो. प्रोग्राममधल्या चुकीला बग म्हणतात. रोजनिशीत ठळक नोंदवतो: बग शून्य. हे तत्त्व आमच्या घरातल्या माणसांनी पाळलं तर किती सुख लागेल.

५ एप्रिल
नावं भरली. बाबा सांगत गेले, मी टाइप करत गेलो. एका कॉलमात मान (श्री., सौ., कै., वगैरे), दुसऱ्या कॉलमात नाव. व्यवस्थित डिझाइन. बाबांनी मात्र जीव खाल्ला. आधी कोण, मग कोण, हा मोठा की तो जवळचा, यात दुपार गेली. सगळ्यात वर आजोबा, कै. महादू. त्यांच्या लगेच खाली मुरबाडचे कमळाकरमामा, आईचे थोरले भाऊ. बाबांनी तीनदा बजावलं, मामाचं नाव हालता नये, मामानं आनल्याशिवाय पोरगी मंडपात येत नाय. धाऊचं नाव मीच घुसडलं, अगदी तळाला.

८ एप्रिल
यादी परत बघितली. काही पद्धतच नाही. कुठेही क, कुठेही स. नशीब, सीडीत याद्या क्रमानं लावणारं फुकट ॲड-इन होतं. एक क्लिक. सगळी नावं शिस्तीत.
बाबांनी चष्मा पुसून गणपतीचं चित्र, नवरानवरीची नावं आणि मुहूर्त तपासला. नावांची यादी बारीक अक्षरात, तिथवर ते पोचले नाहीत. मी तपासायचा प्रश्न नव्हता. बग शून्य. शहापूरला प्रेसमध्ये दिली.

१७ एप्रिल
पत्रिका आल्या. गुलाबी कागद, सोनेरी शाई. खर्डी, वाशिंद, मुरबाड, सगळीकडे रवाना. आयुष्यातलं पहिलं सॉफ्टवेअर लोकांच्या हातात गेलं. ऊर भरून आला. खोटं कशाला लिहू.

२१ एप्रिल
धोंडूबाईआत्या आली. वय सत्तर, नवरा जाऊन वीस वर्षं झाली. तिच्या नातीनं तिला पत्रिका वाचून दाखवली. त्यात 'कु. धोंडूबाई' आहे. आत्या ओट्यावर बसून मला म्हणाली, कुमारी केलीस तं आता माझा बी कुठं जमवून टाक रे बाबा, याच मांडवात उरकू. आईला हसू येईना.
मग सगळ्यांनी पत्रिका पुढ्यात घेतली. आजोबा 'श्री. महादू'. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. धाऊ 'ह.भ.प. धाऊ'. त्यानं गेल्या दहा वर्षांत टाळ हातात धरलेला नाही, जीपच्या सीटखाली काय असतं ते गावाला माहीत आहे. आणि 'कै. कमळाकर'.
आई मट्‌कन बसली.
कारण शोधलं. ॲड-इननं फक्त नावांचा कॉलम क्रमानं लावला. मानाचा कॉलम जागच्या जागी राहिला. त्यामुळे ज्याच्या वाट्याला जे आलं ते. यादीत कै. चार होते, त्यातला एक मामांच्या ओळीला आला. म्हणजे ॲड-इननं सांगितलेलं काम चोख केलं. हे बाबांना समजावलं. ते गुरं बांधायला गेले.

२२ एप्रिल
मुरबाडची बातमी. तिथल्याच ठमी आणि भिमी मामांच्या दारात रडत पोचल्या. मामा ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होते. त्यांना बघून दोघी आणखी मोठ्यानं रडल्या. मग भिमीनं विचारलं, दादा, तुमाला कावळा शिवलाता काय? आमच्याकडे कावळा शिवला की नातेवाइकांना मेल्याची खोटी बातमी धाडतात, ते रडले की अरिष्ट टळतं. भिमीला वाटलं, आता ते पत्रिकेतनं कळवायची पद्धत निघाली.


२३ एप्रिल
मामांची समजूत काढायला मुरबाडला गेलो. 'कै.' बद्दल माफीचं भाषण पाठ केलं होतं. जायला धाऊची जीप घेतली, फुकट होती म्हणून. तिच्या काचेवर नवीन अक्षरं: ह.भ.प. धाऊ. रंग ओला होता.
मामा दारातच उभे. मी भाषण सुरू केलं. त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, मेल्याचा मला कायच नाय. खोटी खबर आली तं आयुष्य वाढतं. पन मी धाऊच्या खाली?
मग कळलं. यादीत धाऊ वर आहे, मामा त्याच्या पाच नावं खाली.
मी सांगितलं की मामा, हा लहानमोठेपणाचा प्रश्न नाही, कॉम्प्युटरला सगळे सारखे, अक्षरांच्या क्रमानं लावलंय. मामा म्हणाले, मी चौथी शिकलोय. क, ख, ग. क पैला का ध पैला? यावर मी त्यांना मराठी फाँटची आतली रचना समजावली. फाँटच्या पोटात ध म्हणजे इंग्रजी डी आणि क म्हणजे के, आणि डी आधी येतो. मामांनी सगळं ऐकून घेतलं. तेवढ्यात धाऊनं हॉर्न वाजवला, चला म्हणून. मामांनी जीपकडे बघितलं, काच वाचली, आत गेले आणि दार लावलं.
तरी बोलणं झालं. तांत्रिक बाजू त्यांच्या कानावर गेली.

२६ एप्रिल
उपाय सापडला. १.१ मध्ये प्रत्येक नात्याला मानाचा नंबर. मामा एक, काका दोन, असं. बाबांकडे नंबर मागितले. बाबा म्हणाले, मामा पैला. आत्या म्हणाली, हळदीला मी पैली, आत्याबगर हळद लावून दाखव. आई म्हणाली, मंग पाठवणीला कोन पैला? माझा भाव का तुमची बहीन? दुपारपर्यंत चाललं. एका माणसाला एक नंबर ही गोष्ट घरात कोणालाच मान्य नाही. आमच्या लोकांना डेटाबेसची शिस्त नाही.

३० एप्रिल
आई एकटी एसटीनं मुरबाडला जाऊन आली. भावाच्या उंबऱ्यावर बसली म्हणे, आत गेली नाही, पाणी घेतलं नाही. मामा शेवटी 'बघू' म्हणाले. माझं फाँटचं बोलणं मुरायला आठवडा लागला असणार.

६ मे
मांडव घातला. मामांचा निरोप नाही. कुणालीनं सांगून टाकलं, मामा नाय आला तं मी खोलीतनं भायेर नाय येनार. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, दादा, तुला कुनी सांगितलाता रे. चिडून म्हणाली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. लहानपणापासून माझ्यासाठी भांडत आलेली मुलगी, आणि तिच्या लग्नात मी हे केलं. वाईट वाटतंय.
निश्चय: लग्न होईपर्यंत कॉम्प्युटर बंद.

७ मे
फक्त एक टूल उतरवून बघितलं. चुकून दाबलेलं क्लिक मागे घेणारं. जुन्या क्लिकला लागू नाही.

११ मे, संध्याकाळ
लग्न झालं.
भटजींनी पुकारलं, मुलीचे मामा, मुलीला घेऊन या. कोणी हललं नाही. आई रस्त्याकडे बघत होती. भटजींनी परत पुकारलं. तेव्हा मामा स्वयंपाकाच्या बाजूनं पुढे आले, डोक्याला फेटा, हात धुतलेले, ओले. सकाळपासून मागे भाताच्या टोपाशी बसले होते. दोनदा पुकारल्याशिवाय पुढे यायचं नाही, म्हणून. कुणालीला घेऊन आले आणि तिच्या पाठीशी उभे राहिले. मला इतकं हलकं वाटलं की मी अक्षता दुसऱ्याच कोणावर टाकल्या.
मग कानपिळी. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा, शर्टपीस घ्यायचा. मी बाह्या सरसावून पुढे झालो. तर तिथे चुलतभाऊ जगन आधीच जाऊन बसलेला. वाशिंदच्या एका म्हाताऱ्यानं खिशातून पत्रिका काढून सांगितलं, नवरीला सख्खा भाव नाय, हितं लिवलंय ना, जगन हाय, चुलत.
मी पत्रिका हातात घेतली. आजोबा होते. धाऊ होता. शेजारची पोरं होती. मी नव्हतो.
फुकटचं ॲड-इन पन्नासच नावं घेतं, पुढचं गाळतं. क्रमानं लावल्यावर रांगेत शेवटचा, एक्कावन्नावा, मी होतो. गाळताना त्यानं एरर दिलीच असणार, पण गप्प बसून पुढे चल हे मीच सांगून ठेवलेलं. गेले तीन आठवडे सगळं गाव ती पत्रिका वाचतंय, भांडतंय, आणि मी नाही हे घरात कोणाला दिसलं नाही. मलाही नाही. हे लागलं.
मी त्या म्हाताऱ्याला समजवायला लागलो की ही फ्री व्हर्जनची मर्यादा आहे. तेवढ्यात मागून माझाच कान कोणीतरी धरला. मामा. तसंच ओढत मला सुयोगपुढे नेलं, कान एकदा नीट पिळला आणि म्हणाले, ह्यो भाव. कागदात नाय, पन हाय.
मांडव हसला. कुणाली रडता रडता हसली. मी सुयोगचा कान पिळला, पण त्याला काही लागलं नाही म्हणे. मग ती गेली.
माझा कान अजून दुखतोय. शर्टपीस जगननं ठेवून घेतला. पत्रिकेत त्याचं नाव आहे.