मिठानं नाही खाल्ले, बाबा

बाबा,

'प्रिय' लिहायला हात वळत नाही आज, म्हणून नुसतं बाबा. तुला जाऊन वर्ष होत आलं. रविवारी बाळकुमला तुझं वर्षश्राद्ध आहे. आज सकाळी आपला थोरला, दादूस, आलेला बोलवायला, खास डोंबिवलीपर्यंत. चहा प्यायला, माझ्या रूपेशच्या पायातल्या आधाराच्या पट्ट्यांकडे बघून न बघितल्यासारखं केलं, आणि निघताना दारात म्हणाला, "वनिता, तिकरं डॉक्टरचं काय काढू नको हां. लोकं असतान. बापसाचं नाव हाय गावान."

तुझं नाव! आणि माझ्या पोराचे पाय? ते कुठल्या गावात आहेत?

तो गेला आणि मी पोळ्या लाटायच्या सोडून हे लिहायला बसले. पोळी-भाजी केंद्रातल्या बाईंना सांगितलं, आज डोकं दुखतंय. खरं म्हणजे डोकं फिरलंय. तू समोर असतास तर तोंडावर बोलले असते. नाहीस, तर हे वाच.

तुझी गोष्ट अख्ख्या बाळकुमला पाठ होती. ओट्यावर बसायचास, पाय लुंगीखाली घेऊन, आणि येईल त्याला सांगायचास, "मिठान खाल्लं माझं पाय. म्हनून पोरांना मी मिठागरान पाय ठेवू दिला नाय." आणि मग दादूसकडे आणि धाकट्याकडे बोट. दोघंही कबड्डीत असे घुसायचे की समोरचे मागे सरकायचे. मांड्या बघा, पोटऱ्या बघा! लोक मान डोलवायचे. बापानं स्वतःचे पाय घालवले आणि मुलांचे राखले, म्हणायचे. तुला ते ऐकायला आवडायचं.

अरे, पण गावात तू एकटाच होतास का मिठागरात? शेजारचे काका तुझ्याबरोबर त्याच खाऱ्या पाण्यात जन्मभर उभे राहिले. त्यांच्या पोटऱ्या म्हातारपणीही खांबासारख्या. तुझ्या मात्र काठ्या झालेल्या, पावलं लोंबायची, गुडघा वर उचलून उचलून चालायचास. एकदाही मनात आलं नाही, की मिठानं यांना कसं सोडलं?

आणि आम्ही? तुझ्या मुली, मी आणि बेबी? ओट्यावरच्या त्या गोष्टीत आम्ही दोघी कधी आलोच नाही.

माझी चप्पल चालता चालता पायातून निसटायची आणि मला कळायचंसुद्धा नाही. मागून कोणीतरी ओरडायचं, "अगं ए, चप्पल!" पाण्याचा हंडा घेऊन पायरीवर पडले तेव्हा तू काय केलंस? हंड्याला पोच आला का ते बघितलंस. आणि हळदीच्या रात्री, सगळ्या पोरी नाचत होत्या, मला ओढलं, आणि मी मांडवात सपशेल तोंडावर पडले! बँजोवाला थांबला. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "पोरीची जात हाय, नीट चालाला शिक." नीट चालायला शिक! मी तुझ्यासारखीच चालत होते, बाबा. तुला दिसलं कसं नाही?

बेबीचंही तेच. तिला तर तू वेंधळी हेच नाव ठेवलेलंस.

मग रूपेश झाला. नऊ वर्षांचा होईपर्यंत बरा होता. मग शाळेत पळताना पडायला लागला. बूट पुढून घासून फाटायचे, महिन्या-दोन महिन्यांत नवे. मी घाबरून तुझ्याकडे आणलं त्याला. तू त्याला अंगणात चालायला लावलंस, आणि तुझा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं आता रडतोस. पण तू माझ्यावर ओरडलास. "पोराला मिठागरान नेलं व्हतंस ना? खरं सांग!"

मे महिन्याच्या सुट्टीत तो मामाच्या पोरांबरोबर बंद पडलेल्या आगरात एकदा खेळायला गेलेला. एकदा! मामाची पोरंही होती ना तिथे, त्यांना काही झालं नाही. पण तुला सापडलं कारण. माझ्या सासूसमोर म्हणालास की आईचं लक्ष नव्हतं. त्या दिवसापासून मी घरात आंधळी आई झाले. सासूबाईंनी पुढे प्रत्येक भांडणात ते काढलं.

आणि मग तो तुझा उपाय. मिठानं पाय जातात, म्हणजे मीठच बंद! पोराचं जेवण अळणी. अळणी भात, अळणी डाळ, डब्यात अळणी भाजी. आपण मिठावर जगलेली माणसं, बाबा, आणि आपलंच पोर चिमूटभर मिठाला महाग. असलं फक्त आपल्याच घरात सुचू शकतं! तू जाईपर्यंत, तीन वर्षं चाललं हे. नवरा म्हणाला, आजोबांचा शब्द आहे, करून तर बघू. मी केलं.

एकदा बाळकुमला तो मीठ लावलेली कैरी खाताना सापडला तुला. हातातून हिसकावून घेतलीस, तोंड उघडायला लावून पाण्यानं धुतलंस. आणि तो रडत म्हणाला, "आजोबा, मीठ खाल्लं नाही मी, नुसतं चाटलं." ते वाक्य माझ्या कानातून जात नाही.

डॉक्टरकडे मी नेलं नाही असं नाही. ठाण्याच्या डॉक्टरनं तेव्हाच सांगितलेलं, घरात आणखी कुणाचे पाय असे असतील तर त्यांना घेऊन या, मला बघायचेत. मी आले तुझ्याकडे. विनवण्या केल्या, पाया पडले, त्याच पायांवर! तू लुंगी आणखी खाली ओढलीस. "माझं पाय काय बघाचं? ते मिठाचं हायेत. पोराचं मीठ बंद कर, सुधरंल." एवढंच. रिक्षा उभी होती दारात, ती मी रिकामी परत पाठवली.

गेल्या महिन्यात मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलेले, मज्जातंतूंच्या. त्यांनी रूपेशच्या पायाला वायरी लावून बघितलं. मग एक कागद घेतला आणि आपलं घर काढलं त्यावर. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, ज्यांचे पाय असे त्यांचं काळं करायचं. तुझा चौकोन मी सांगितल्यावर काळा केला. दादूस, धाकटा, त्यांची पोरं, सगळे पांढरे. मग ते मला म्हणाले, "तुम्ही चप्पल काढा बघू." बाबा, चाळीशीला आलेय मी. माझ्या पायांकडे कुणी मुद्दाम बघण्याची ती पहिली वेळ. उंच झालेलं पाऊल, वाकडी बोटं. हात पुढे करायला लावले, बोटं पसरायला सांगितली. लाटणं हातातून सुटतं का, विचारलं. सुटतं! मला वाटायचं, काम जास्त होतं म्हणून.

माझा गोल काळा केला. बेबीचाही, ती नसताना.

ते म्हणाले, मिठाचा काही संबंध नाही. मेंदूकडून पायाकडे निरोप नेणारी नस असते, तिच्यावर पेशींचं वेष्टन असतं, घडीवर घडी गुंडाळलेलं. त्या घड्यांमधून बारीक बारीक दारं असतात, एका घडीतून दुसरीत खाणंपिणं जायला. पेशी एकमेकींशी बोलतात त्याही अशाच दारांतून, म्हणाले. हे दार ज्या प्रथिनाचं बनतं त्याला कनेक्झिन म्हणतात. आपल्या घरात ते प्रथिन बनवायची कृतीच चुकलेली आहे. दार नीट होत नाही, वेष्टन आतून उपाशी राहतं, निरोप रेंगाळतो, आणि नस झिजत जाते. पायाच्या नसा सगळ्यात लांब, म्हणून आधी पाय. मग हात.

तुला कळेल असं सांगू? भरतीचं पाणी तू पहिल्या वाफ्यात घ्यायचास. तिथून बांधाच्या तोंडातून पुढच्या वाफ्यात, मग त्याच्या पुढच्या. मधलं तोंड बुजलं की शेवटचा वाफा सुका. हे तुला कुणी शिकवायला नको होतं.

आता पुढचं ऐक. ही चुकलेली कृती एक्स नावाच्या गुणसूत्रावर असते. बाप मुलाला वाय देतो, मुलीला एक्स. बापाकडे एक्स एकच. म्हणजे तुझ्या मुलांना हे तुझ्याकडून मिळणंच शक्य नव्हतं. तू त्यांना मिठागरात झोपवलं असतंस तरी त्यांचे पाय धडधाकटच राहिले असते! आणि मुलींना मिळणारच होतं, दोघींनाही. आमच्याकडे दुसरा एक्स चांगला असतो म्हणून आमचं थोडक्यात भागतं. आमच्या पोरांना मात्र निम्मी निम्मी शक्यता.

ते ऐकलं आणि मला तलाठी ऑफिस आठवलं. बिल्डर आला तेव्हा तू आम्हा दोघींना नेलेलंस, हक्कसोडीच्या सह्या करायला. एकेक साडी दिलीस. "पोरींना काय कराचीय जमीन?" जमीन मुलांना दिलीस. आणि पाय आम्हाला. यांच्यावरचा हक्क सही करून सोडायची सोय आहे का रे कुठे?

तू मुद्दाम दिलं नाहीस, कळतं मला. तुझ्या रक्तात होतं, तुला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा राग नाही. राग आहे तो त्या लुंगीचा! चार वर्षांपूर्वी पाय दाखवले असतेस तर रूपेशला तेव्हाच पट्ट्या मिळाल्या असत्या, व्यायाम मिळाले असते. हा आजार बरा होत नाही, पण टाच अशी आखडली नसती. आता ऑपरेशन म्हणतायत. चार वर्षं माझं पोर अळणी गिळत बसलं किंवा पडत राहिलं, आणि तू ओट्यावर पाय झाकून गोष्ट सांगत होतास. तुला तुझी गोष्ट माझ्या पोरापेक्षा लाडकी होती, बाबा. मी हे असंच म्हणणार.

फक्त एक आठवलं की माझा राग पुढे सरकत नाही. ती तीन वर्षं तूही अळणीच जेवलास. "पोर एकला कसा खाल," म्हणालास, आणि आपल्या ताटातलं मीठ बाजूला काढलंस. आई ओरडायची, तू ऐकायचा नाहीस. घरात मिठाच्या गोणी आणि तू अळणी भात चिवडत रूपेशला हसवतोयस. का केलंस असं? धड रागावूही देत नाहीस.

आणि आता मुख्य सांगते, ज्यासाठी बसले. बेबीचा भावेश सहा वर्षांचा झाला. पडायला लागलाय. टिटवाळ्याहून बेबीचा फोन आलेला शेजारच्या घरी, म्हणाली, "ताई, दादूसनं सांगितलंय मीठ बंद कर, बाबा सांगून गेलेत." मी म्हटलं, ताबडतोब चालू कर. तर म्हणते, बाबांचा शब्द कसा मोडू?

तू गेलास, तुझा शब्द अजून पोरं उपाशी ठेवतोय. हे मी चालू देणार नाही.

म्हणून तुला कबूल करते, रविवारी काय करणार ते. दादूसला काय वाटायचं ते वाटो. गाव जेवायला बसेल तेव्हा मी सगळ्यांसमोर चप्पल काढीन आणि माझे पाय दाखवीन. बेबीलाही काढायला लावीन. तू झाकलंस ते आम्ही दोघी उघडं करू. तो डॉक्टरचा कागद आणलाय मी, भावेशला घेऊन सोमवारीच जायचं ठरवलंय, त्याच्या टाचा मऊ आहेत तोवर.

भावेशला माझ्या शेजारी बसवीन आणि त्याच्या पानावर पहिलं मीठ वाढीन, माझ्या हातानं. मग तुझ्या नावाच्या पानावर. रीत असो नसो, भटजी काय म्हणायचं ते म्हणोत. चार वर्षांत तुझ्या ताटात मीठ पडलं नाही, बाबा. आता खा.

तुझ्यासारखीच चालणारी,
वनिता