फ्रिजवर चिकटवलेला कागद

१६ नोव्हेंबर, रविवार
लिही, प्राजू. कुत्रं आलं एकदाचं. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. माझ्या लेकाला, नितीनला, पग हवा होता. तो धापा टाकतो, घोरतो. म्हटलं घोरणारी एक आहे घरात, ती पुरे. पॉमेरेनियन फार भुंकतं. सोसायटीचा सेक्रेटरी त्याहून जास्त. शेवटी शित्झू. केस कमी गळतात, फिरायला फार लागत नाही, तिसऱ्या मजल्यावर चालतं, असं मोबाइलमध्ये वाचलं म्हणे. मी म्हटलं, गावाकडून पिल्लू आणू. सूनबाई शीतल म्हणाली, "आई, गावचं कुत्रं फ्लॅटमध्ये राहील का?" मी राहते ना!
नाव मोमो. डोळ्यांवर जटा, हनुवटीला दाढी. मी बुवा म्हणते.

२० नोव्हेंबर, गुरुवार
नऊ वाजता तिघं घराबाहेर. नितीन ऑफिस, शीतल शाळा, प्रा. (म्हणजे मी, लिहिणारी नात प्राजू) कॉलेज. मग कुत्रं कोणाचं? माझं. रोज फणी, नाहीतर केसांचा गुंता. डोळ्यांतली घाण ओल्या फडक्यानं. बाल्कनीत रद्दी पसरायची, उचलायची. लिफ्टमध्ये सेक्रेटरी म्हणतो, "आजी, त्याला उचलून धरा." धरलं, त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्याजवळ.
काय द्यायचं, काय नाही, याचा कागद डॉक्टरनं दिलाय. प्रा.नं फ्रिजला चिकटवला. वर कुत्र्याचं चित्र आहे. छान दिसतं.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी
बाजरीचे रोडगे, वांग्याचं भरीत, त्यात कांद्याची पात नि लसूण सढळ हातानं. तळी उचलली. कुत्रं खंडोबाचं, आधी त्याचा नैवेद्य, मग माणसं. शिरपूरकडे गावी होतो तेव्हा ताट घेऊन कुत्री शोधत फिरायचो. इथं देव घरातच. बुवानं ताट चाटून लख्ख केलं. नितीननं हात जोडले. शीतलनं फोटो काढून स्टेटसला टाकला. प्रा. हसत होती.

२९ नोव्हेंबर, शनिवार
बुवा उठत नाही. फणी केली तरी कुरकुर नाही. शीतल म्हणते, थंडी असेल.

३० नोव्हेंबर, रविवार
लघवी काळ्या चहासारखी. हिरड्या पांढऱ्याफटक. डॉक्टरकडे नेलं, सलाइन लावलं. "काय खाल्लं यानं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. कांदा-लसणानं कुत्र्याचं रक्त फुटतं म्हणाला. एवढ्याशा जिवाला थोडंही फार. वाचेल का विचारलं, तर "बघू."
गाडीत नितीन: "आई, कागद फ्रिजला लावला होता ना!"
"माले वाचता येस का रे?" म्हटलं.
पन्नाशी आली, आईला अक्षर येत नाही हे आज कळलं त्याला.

१ डिसेंबर, सोमवार
राग उतरत नाही. घरात वाचणारी तिघं. तिघांच्या डोळ्यांदेखत बुवानं भरीत खाल्लं. एकानं हात जोडले, एकीनं फोटो काढला, एक हसली. कुणाला कागद आठवला? दोष मात्र अंगठेबहाद्दराचा. कागद लावणारीच हे लिहितेय. लिही, हात का थांबला?
आता हेही लिही, नाहीतर मी लबाड ठरेन. भरीत उरलं होतं. गुरुवारी, शुक्रवारी तुम्ही गेल्यावर भाकरीला लावून मीच दिलं. मागे मागे यायचा. मला बरं वाटायचं. हे नितीनला अजून माहीत नाही.

३ डिसेंबर, बुधवार
बुवा घरी. दोन चमचे भात खाल्ला. शनिवारी रक्त तपासून मग सांगतील.
नितीननं ठरवलं, कुत्रं धुळ्याला लताकडे. लता माझी लेक. तिचा फोन: "माय, त्याले आठे धाडी दे. आंगन शे."
"आंगन शे, पन दिनभर तू कोठे ऱ्हास?" म्हटलं. शिवणकामाच्या क्लासला असते ती.
नितीनला सांगून टाकलं, उरलेलं भरीतही मीच दिलं. तो म्हणाला, "म्हणूनच म्हणतो." जेवला नाही. मीही नाही.

६ डिसेंबर, शनिवार
चार दिवस प्रा.कडून कागद वाचून घेतला. पाठ केला. जेवताना नितीनला म्हणून दाखवला: कांदा नको, पात नको, लसूण नको, द्राक्षं नको, मनुका नको, चॉकलेट नको, चहा नको. एक शब्द चुकले नाही. "एवढंच वाचून दाखवायचं होतं रे तुम्ही, पाच मिनिटांचं काम."
नितीन भाकरी कुस्करत बसला. मग म्हणाला, "उद्या अकराला जावई गाडी घेऊन येतायत, आई."
रक्त थोडं सुधारलंय, धोका टळला म्हणत नाहीत. बुवा माझ्या पदरावर झोपलाय. पदर ओढला तर डोळा उघडतो.
शीतलनं पिशवी भरली. वाटी, पट्टा, औषध, गादी. फणी सापडत नाही म्हणून सगळं घर उलथलं. रोज फणी नाही केली तर गुंता होतो, सगळ्यांना माहीत आहे. फणीशिवाय बुवाला कसं नेतील?
फणी माझ्या तपकिरीच्या डब्यात आहे.
प्राजू, लिहिलंस ते लिहिलंस. बापाला वाचून दाखवू नको. तुमच्या घरात तशीही सवय नाही.