भिंतीतलं गढूळ पाणी

८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. गुडघा दुखत असताना तीन जिने चढतेस, म्हणजे तू कुणाचं ऐकणार नाहीसच. इथे धरणावरच्या माझ्या सहकाऱ्याची बदली झाली, त्याच्या जागी कुणी आलं नाही. वसाहतीतल्या बारा घरांपैकी आता माझ्या एकट्याच्याच घरात दिवा लागतो.

रोज सकाळी धरणाच्या भिंतीतल्या बोगद्यात उतरून झिरपणारं पाणी मोजतो. साठ वर्षांचं काँक्रीट, थोडं झिरपायचंच. पण आठवडाभर आकडा वाढतोय आणि काल पाणी गढूळ आलं. साहेबांना फोन केला, तर म्हणाले, धरणालाही म्हातारपणी घाम सुटतोच. हल्ली मी आकडे मोठ्याने म्हणतो. कानावर कुणाचा तरी आवाज पडावा म्हणून.

तब्येतीला जप, आणि मला विसरू नकोस.
तुझा धाकटा

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

अरे, तुमच्या धरणात चाललंय काय? दोन आठवडे झाले, नळाला दोन दिवसांआड पाणी, तेही करंगळीएवढ्या धारेचं. टँकरच्या रांगेत समोरची शिंपीण सांगत होती, धरणावरच्या कुणा घाबरटाने वर तक्रार करून निम्मं पाणी नदीत सोडायला लावलं. सगळ्यांनी त्याचा उद्धार केला. मीही मागे राहिले नाही, बादली वर नेताना पायरीगणिक एक शिवी हासडली. तो कोण, तुला माहीत असेलच. कळव.

जेवणाची हयगय करू नकोस, हाच माझा आशीर्वाद समज.
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तो मीच.

साहेब दाद देईनात, तेव्हा गढूळ पाण्याची बाटली घेऊन मुख्य कार्यालयात गेलो आणि दिवसभर बाकावर बसून राहिलो. संध्याकाळी पातळी उतरवायचा हुकूम निघाला. दरवाजे मीच उघडले, ताई. तुझ्या नळाचं पाणी जातंय, हे ठाऊक असून.

काल पाणी बरंच उतरलं, तेव्हा भेग दिसली. माझा पंजा आत गेला. तपासणीला आलेल्या बाई म्हणाल्या, धरण भरलेलं राहिलं असतं तर भिंतीने पुढचा पावसाळा काढला नसता. मग त्यांनी खालच्या गावांकडे पाहिलं. दुरुस्तीला वर्ष जाईल. साहेबांनी बोलणं टाकलंय. तू रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
धाकटा

१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

रागावले होते. मला न सांगता महिनाभर हे एकट्याने उरावर घेऊन बसलास, म्हणून.

पत्र दोनदा वाचलं आणि बादली घेऊन खाली गेले. रांगेत सांगून टाकलं, तो घाबरट माझा भाऊ. भेगेचंही सांगितलं. बायकांनी माना फिरवल्या. शिंपीण तर माझ्यापासून दोन पावलं पुढे सरकली. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, तिला पाणी जास्त लागतं. तिला तरी काय बोलू? टँकर येईपर्यंत तशीच उभी राहिले. इतक्या बायकांत इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

रविवारी सकाळच्या बसने निघतेय. किती दिवस राहणार, हे विचारू नकोस. एक खोली झाडून ठेव.

बाकी भेटीत.
तुझी ताई