होबिचचा मालक

३ सप्टेंबर १९७४
एकदाची होबिच गावाला पोहोचले. सोबत सहा वर्षांची लेक, उल्याना. पारास्का आजींनी खोली दिली, वाडगाभर बोर्श, म्हणजे बिटाचं सूप दिलं आणि गावांच्या नावांमागे हिंडायचा मला पगार मिळतो हे ऐकून पोट धरून हसल्या. हसोत बापड्या. आमच्याकडच्या निम्म्या गावांच्या नावात मूळ मालकाचं नाव दडलेलं असतं, हजार-दीड हजार वर्षांत झिजलेलं. ते उलट्या वाटेनं सगळ्या स्लाव भाषांच्या पणजी-भाषेपर्यंत नेऊन पोहोचवायचं, हे माझं काम. मला ते मनापासून आवडतं.

७ सप्टेंबर
शब्द झिजतात ते ठरावीक रीतीनं. होबिच मात्र कुणीतरी मुद्दाम मोडल्यासारखं वाटतं. आजी म्हणाल्या, मोडलेलंच आहे. दर पिढीत गावातली थोरली बाई नावातला एक आवाज बदलते. आजींच्या सासूनं एक बदलला, आजींनी एक. कशासाठी, तर म्हणे, त्याला आपली हाक ओळखू येऊ नये. 'तो' कोण विचारलं, तर दलदलीकडे बोट. वर मलाच सुनावलं, "शहाणी आहेस ना पोरी, मग झाकलेलं उघडू नकोस." मला तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता.

११ सप्टेंबर
जमलं. एकेक बदल उलटा फिरवला आणि मालकाचं मूळ नाव हाती आलं. इथे लिहीत नाही, विद्यापीठातल्या आमच्या खात्यात शोध चोरणारे फार. जोर कुठल्या अक्षरावर पडतो ते बोलल्याशिवाय कळत नाही, म्हणून दलदलीकाठी जाऊन मोठ्यानं म्हटलं. उल्यानाही माझ्यामागून म्हणाली. बेडूक एकदम गप्प झाले.

१३ सप्टेंबर
पाऊस नाही, तरी अंगणात ओल. बोललीस का ते, असं आजींनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, दलदलीतल्या त्या मालकाला हाक मारली की तो आपलं माणूस न्यायला येतो. लहान मूल आधी. परतीची बस थेट रविवारी. मला भीती वाटते आहे.

१४ सप्टेंबर
ओल उंबऱ्याशी. उल्याना तेच नाव गुणगुणते. रागावले, तरी—

संध्याकाळ
ती अंगणात गेली होती. दार ओलीनं फुगलेलं, उघडेना. खिडकीतून पाहिलं— कुंपणाशी कुणीतरी उंच, वाकलेलं. अनोळखी पोराला इथं सगळेच विचारतात तसं, लाडानं विचारत होतं, तू कुणाची गं?

आईची म्हण, माझं नाव सांग, म्हणून मी ओरडले. तिनं ते दुसरं, मालकाचं नाव सांगितलं. माझ्या उच्चाराहून स्वच्छ.

अंगण रिकामं. खिडकीतून उतरून दलदलीपर्यंत धावले, पाऊलखूण नाही—

आता मीच ते नाव म्हणते आहे. पुन्हा पुन्हा. येऊ दे त्याला.

पायरी भिजली. दाराशी तोच प्रश्न, तसाच लाडानं. सांगते. मी त्याचीच म्हणून सांगते, म्हणजे उल्यानापाशी तरी—